लिहा, पन्नास

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या आज्या-पणज्यांना जन्मतारीख विचारली तर तारीख मिळायची नाही, प्रसंग मिळायचा. प्लेगाच्या सालातली, पानशेत फुटलं तेव्हाची, बहात्तरच्या दुष्काळातली. शाळेत नाव घालताना तर गुरुजी सरळ एक जून लिहून मोकळे व्हायचे. म्हणून तर 31 मेला सरकारी कचेऱ्यांत निरोप समारंभांची रांग लागते!    

जनगणनेतही हीच अडचण. वय सांगता येत नसेल, तर गाजलेल्या घटना विचारून अंदाज घ्या, अशी प्रगणकांना सूचना असे.

1981 साली आमच्या थोरल्या काकूंकडे गुरुजी खानेसुमारीला आले. काकूंचं सासर पाटण तालुक्यात, माहेर वाळव्याकडचं.

"वय?"

"ते तुम्हीच काढा."

"पत्री सरकार आठवतंय?"

"न आठवाया काय झालं? पहिल्याच साली रातची मानसं आली भाकरीला. आईनं मला उठवून पीठ मळाया बसवलं. कंदील झाकून थापल्या भाकरी."

पीठ मळता येत होतं, म्हणजे दहा वर्षांची पोर. पत्री सरकार म्हणजे नाना पाटलांचं इंग्रजांविरुद्धचं भूमिगत सरकार, त्याचं पहिलं साल 1943. गुरुजींनी ताळा करायला पुढचं विचारलं, "गांधीजी गेले तेव्हा?"

"डोईवर दोन हंडे घेत व्हते की."

जमलं. बघा श्रोतेहो, साल नाही, अंगात आलेलं काम. कामावरून वय! गुरुजींनी मनात वजाबाकी केली, अठ्ठेचाळीस. महाराष्ट्र राज्य झालं ते विचारलं, तर काकूंना त्याचा पत्ता नाही. पण आणे जाऊन नवे पैसे आले आणि वाण्यानं चिल्लरीत गोंधळ घातला, ते चोख पाठ.

गुरुजी उठायला लागले तसं काकूंनी बसवलं. "आन् भूकंप? त्यो नाही इचारला?"

11 डिसेंबर 1967, कोयनेचा भूकंप, पहाटेचा. "धाकटी पाळण्यात. दोरीला कुनाचा हात न्हाई आन् पाळणा आपला हलतोय. म्हटलं, कोन झोका देतंय? तवर भांडी पडली."

"काकू, ह्याचा तुमच्या वयाशी काय संबंध?"

"काय बी न्हाई. पर लिहून घ्या."

रकाना नव्हता. गुरुजी म्हणाले, "मग अठ्ठेचाळीस लिहितो."

"पन्नास लिहा. पन्नाशीच्या बाईचं सुना ऐकत्यात."