खापरावर नाव कोणाचं?

हा तुकडा जरा नीट बघा. वाइन प्यायच्या पसरट कपाचं फुटकं बूड आहे, तळहातावर मावेल एवढं, आणि त्यावर टोकदार काहीतरी घेऊन अक्षरं कोरलीयेत: थेमिस्टोक्लीस, निओक्लीसचा मुलगा. अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्समध्ये ही मतपत्रिका होती, आणि मत निवडून द्यायला नाही, गावाबाहेर काढायला!

आपण कोणाच्या तरी डोक्यावर खापर फोडतो, हे लोक आधीच फुटलेल्या खापरावर त्याचं नाव लिहायचे. खापर म्हणजे ग्रीकमध्ये ऑस्ट्राकॉन, त्यावरून या प्रकाराला ऑस्ट्रॅसिझम.

वर्षातून एकदा नागरिकांच्या सभेत विचारायचे, यंदा कोणाला काढायचंय का? हो म्हटलं की काही आठवड्यांनी अगोरात, म्हणजे भर बाजारचौकात मतदान, आणि 6000चा आकडा गाठला की ज्याचं नाव निघेल त्याने 10 दिवसांत गाशा गुंडाळायचा तो 10 वर्षांसाठी. आरोप नाही, खटला नाही, बाजू मांडायची सोय नाही. पण घरजमीन त्याचीच राहायची हां, जप्ती वगैरे काही नाही. कोणी एकटा डोईजड होऊन हुकूमशहा बनू नये म्हणून ही सगळी खटपट. बायका, गुलाम आणि बाहेरून आलेले यांना मत नव्हतंच, ते लोकशाहीचं कौतुक करताना आपण सोयीने विसरतो.

इ.स.पू. 482 मध्ये अरिस्टायडीस नावाच्या पुढाऱ्याचा नंबर लागला. प्लुटार्क हा ग्रीक चरित्रकार सांगतो, म्हणजे जवळजवळ 600 वर्षांनी सांगतो त्यामुळे थोडं मीठमसाला धरून चाला, की एका अडाणी माणसाने त्यालाच न ओळखता खापर दिलं, म्हणाला यावर अरिस्टायडीस लिही. का बाबा, त्याने तुझं काय वाकडं केलं? काही नाही, ओळखतपण नाही, पण जिथे तिथे त्याला न्यायी न्यायी म्हणतात ते ऐकून कान किटले. अरिस्टायडीसने गुपचूप लिहून दिलं.

आता अॅक्रोपोलिसच्या, म्हणजे अथेन्सच्या गडाच्या टेकडीच्या, उत्तर उतारावर या. इथल्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीसच्या नावाची 190 खापरं सापडली, आणि अक्षर बघितलं तर लिहिणारे हात फक्त 14! म्हणजे कोणीतरी बसून गठ्ठाच तयार केलेला दिसतो, ज्याला लिहिता येत नाही किंवा कंटाळा आलाय त्याच्या हातात आयतं टेकवायला. कार्यकर्ते तेव्हाही होते म्हणायचे.

याच थेमिस्टोक्लीसने अथेन्सला जहाजं बांधायला लावली, इ.स.पू. 480 मध्ये सॅलमिस बेटापाशी पर्शियन आरमार बुडवलं, आणि दहाएक वर्षांत गावाने त्यालाच घालवला. फिरत फिरत तो शेवटी पोचला कुठे, तर पर्शियाच्या राजाकडे. राजाने ठेवून घेतला, वर तीन गावांचं उत्पन्न दिलं: मॅग्नेशिया भाकरीसाठी, मायस कालवणासाठी आणि लॅम्पसॅकस वाइनसाठी.