आठ नव्हे, दोन

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या थंडीत रामबागेतल्या एक बाई लेकीला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. लग्न दोन महिन्यांवर आलेलं. "डॉक्टरबाई, वरचे आठही दात व्हिनिअर लावून एकदम चकाचक करून टाका हं," म्हणाल्या. आठांचा भावही कुठूनतरी काढून आल्या होत्या. मुलगी ओठ मिटून बसलेली. तोंड उघडलं तेव्हा कारण कळलं. समोरच्या दोन मोठ्या दातांना लागून असलेले दोन्ही दात तांदळाच्या दाण्यासारखे निमुळते, आणि आजूबाजूला फटी. काहींचे हे दात मुळातच असे येतात. बाकीचे सहा ठणठणीत होते, थोडे पिवळसर, एवढंच.

व्हिनिअर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूला कायमचा चिकटवायचा पोर्सिलेनचा पापुद्रा. जाडी साधारण 0.3 ते 0.7 मिलिमीटर, म्हणजे जवळपास आपल्या नखाएवढी. 1928 च्या सुमारास हॉलीवूडमध्ये चार्ल्स पिंकस नावाचे दंतवैद्य नटनट्यांना असे मुखवटे बसवून देत. पण ते चित्रीकरणापुरतेच टिकायचे, कारण पक्कं चिकटवायचं कसं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. 1955 साली मायकेल बोनोकोर यांनी दाखवलं, की दाताच्या इनॅमलवर, म्हणजे सगळ्यात वरच्या कठीण थरावर, आम्ल लावलं तर पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत होतो आणि प्लास्टिकसारखं रेझिन त्यात घट्ट रुतून बसतं. (आपलं हे आकाशवाणीचं इंदूर केंद्रही त्याच वर्षीचं!) पुढे 1980 नंतर पोर्सिलेनची आतली बाजूही आम्लाने खडबडीत करायला लागले, आणि मग कुठे जोड पक्का झाला.

सुटा पापुद्रा मात्र फार नाजूक असतो. शिकत असताना माझ्या चिमट्यातून एक निसटला आणि ट्रेमध्ये पडून त्याचे दोन तुकडे झाले. सरांनी नुसतं बघितलं, बोलले काही नाहीत. तोच पापुद्रा दाताला चिकटला की वर्षानुवर्षं चावणं सोसतो. फरशीचं नाही का, सुटी असली तर पाय पडताच तडकते, खाली माल नीट भरला असेल तर कपाट ठेवा.

आणि हा माल सगळ्यात चांगला धरतो तो इनॅमलवर. इनॅमलची जाडी किती? समोरच्या दाताच्या कडेशी मिलिमीटरभर, हिरडीजवळ त्याच्या निम्मीही नाही. एकदा घासून गेलं की ते पुन्हा येत नाही. जास्त घासलं तर त्याच्या आतला थर, डेंटिन, उघडा पडतो, थंड पाणी झोंबतं आणि जोडही तितका पक्का बसत नाही. शिवाय व्हिनिअर दहा-पंधरा वर्षांनी बदलावं लागू शकतं, पण घासलेला दात तर तसाच राहतो. म्हणून कोणी व्हिनिअर सुचवलं की रंगाआधी एवढंच विचारा : माझा दात किती घासणार?

या मुलीच्या बाबतीत उत्तर होतं, जवळपास काहीच नाही. ते दोन दात मुळात लहान, फक्त तिथेच भर घालायची होती. आधी सगळे दात ब्लीच केले. हा क्रम उलटा चालत नाही, कारण पोर्सिलेन ब्लीचने उजळत नाही. त्यानंतर दोन आठवडे थांबलो, कारण ब्लीचनंतर लगेच चिकटवलं तर जोड कच्चा राहतो. मधल्या काळात मापाच्या साच्यावर मेणाने आकार केला आणि त्यावरून तिच्या दातांवर तात्पुरता नमुना बसवून दिला. आरशासमोर ती आधी ओठ मिटूनच हसली. मग म्हणाली, "डावा जरा लांब वाटतोय." खरंच वाटत होता. तो कमी केला.

रात्री दात खाणाऱ्यांना, हिरड्या सुजलेल्यांना मी आधी दुसरे उपचार सांगते. पान-तंबाखूच्या डागांना तर बहुतेक वेळा नुसती सफाई पुरते.

व्हिनिअर बसवले त्या दिवशी मुलीचा पहिला प्रश्न, "सराफ्यात गराडू चालतील ना?" चालतील म्हटलं, खाऊगल्लीतले तळलेले कंदच ते. सुपारी फोडायची नाही, नखं कुरतडायची नाहीत. ती मोकळं हसली. आई पर्स उघडता उघडता म्हणाल्या, "आठांचं घेतलं असतं तर एका दाताला स्वस्त पडलं असतं हो."

नमस्कार.