शिवणीत कापली गेलेली गोगलगाय

हे बघा, जरा जवळून. काळ्या कापडावर हा गोल गोल वळत गेलेला पट्टा दिसतोय ना, तो वरून लावलेला नाहीये. वरचं कापड कापून त्याची कड सुईच्या टोकाने आत दुमडत नेलीय आणि खालचा रंग बाहेर आलाय, टाके इतके बारीक की शोधायला गेलात तर डोळे दुखतील.

ह्मोंग, म्हणजे दक्षिण चीन, व्हिएतनाम, लाओसच्या डोंगरात राहणारा एक समाज, त्यांच्या बायका याला पांदाऊ म्हणतात, म्हणजे फुलांचं कापड. पण हे फूल नाही, गोगलगाय आहे. मधोमध पूर्वज, बाहेरचे वेढे म्हणजे पुढच्या पिढ्या, असं सांगतात. हत्तीचं पाऊल, काकडीच्या बिया, मेंढ्याचं शिंग अशाही नक्ष्या आहेत, आणि गंमत म्हणजे एकाच नक्षीला दुसऱ्या गावात भलतंच नाव असू शकतं, त्यामुळे नेटवरचा अर्थांचा चार्ट बघून लगेच टॅटू काढायला धावू नका!

उत्तर व्हिएतनामच्या डोंगरात, हा-ज्यांग नावाच्या भागात, ह्मोंग बायका अजून हेम्पची, म्हणजे धाग्यासाठी लावलेल्या भांगेच्या झाडाची, साल सोलून चालता चालता, गप्पा मारता मारता धागा जोडत असतात. मग विणायचं, तांब्याच्या टोकाच्या लेखणीने गरम मेणाची रेघ ओढायची, निळीत पुन्हा पुन्हा बुडवायचं आणि उकळत्या पाण्यात मेण काढून टाकायचं, की मेणाखालची रेघ पांढरी उरते.

1975 मध्ये लाओसमधली सत्ता बदलली आणि हजारो ह्मोंग कुटुंबं मेकाँग ओलांडून थायलंडला पळाली. तिथल्या बान विनायच्या निर्वासित छावणीत याच सुया पोटासाठी चालायला लागल्या, कापडावर विमानं आली, सैनिक आले, नदी पोहणारी माणसं आली. गिऱ्हाईक अमेरिकन, म्हणून भडक रंग जाऊन फिके निळे, बदामी आले. कुणी याला भेसळ म्हणतं, मला नाही पटत, त्या पैशावर घरं चालली.

आता ह्मोंग न्यू इयरला, बरीच ह्मोंग कुटुंबं जिथे स्थायिक झाली त्या अमेरिकेतल्या सेंट पॉलमध्येही चीनहून आलेले छापील पॉलिस्टरचे घागरे दिसतात. हलके, स्वस्त, मुलींना दोष कसा देणार? फक्त अशा छापील घागऱ्याच्या या शिवणीपाशी बघा, गोगलगाय अर्धीच कापली गेलीय, हाताने करणारीने वेढा पुरा केला असता.

आणि मेलेल्या माणसाला हेम्पचेच कपडे लागतात, नाहीतर पूर्वज ओळखणार नाहीत म्हणे. म्हणून कित्येक म्हाताऱ्यांच्या पेटीत तळाशी एक जोड घडी करून ठेवलेला असतो, कधीच न घातलेला.