फूल यायच्या आधीची भाजी

हे लॉन बघा. एप्रिल महिना, न्यू जर्सी, आणि गवतात जिकडेतिकडे ही पिवळी फुलं. ह्या दिवसांत इथल्या गार्डनच्या दुकानात गेलं की दारातच तणनाशकाच्या बाटल्या रचलेल्या दिसतात आणि बाटलीवर फोटो ह्याच फुलाचा. डँडेलायन. आम्ही पण पहिली काही वर्षं हेच केलं, दिसलं की मारलं. मग एका वर्षी आई आली, सकाळी चपला घालून बाहेर फिरत होती, वाकली, एक पान तोडलं, देठातून पांढरा चीक आला तो बघितला आणि सरळ पान तोंडात टाकलं. म्हणाली, अगं ही तर पाथरीसारखी लागतेय! मी ओरडलेच, आई थुंक ते, मागच्याच महिन्यात औषध मारलंय तिथे.

त्या दिवसापासून लॉनवर एक थेंब मारलेला नाही, आणि मागच्या अंगणात हा वाफा आहे.

आईचं माहेर सोलापूरकडचं. रब्बीत ज्वारीच्या रानात पाथरी जमिनीला चिकटून पसरलेली असते, खुरपणीला गेलेल्या बायका ती तिथंच उपटून, झटकून, भाकरीबरोबर कच्ची खातात. पाथरी आणि डँडेलायन एक नव्हेत बरं का, पण दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातल्या. चीक तसाच, फूल पिवळंच, आणि फूल सुकलं की रुईची म्हातारी उडते ना, तशी म्हातारी दोन्हीची उडते. आईच्या जिभेने नातं बरोबर ओळखलं.

आता पान जवळून बघू. ह्या कडा बघा, मागे वळलेले दात. त्यावरूनच फ्रेंच लोक ह्याला सिंहाचा दात म्हणायचे, दाँ द लियाँ, त्याचंच इंग्रजीत डँडेलायन झालं. फ्रान्समध्ये आज मात्र ह्याचं चालू नाव आहे पिसाँली, म्हणजे अंथरूण ओलं करणारं, कारण ह्या पानांनी लघवीला जास्त होते! आणि हे अमेरिकेचं मूळ झाड नाहीच, युरोपातून आलेल्या लोकांबरोबर ते इकडे आलं, त्यांच्यासाठी ती भाजी होती आणि औषधही.

ती भाजी शेतात कशी होते ते बघायचं तर इथून दीडेक तास दक्षिणेला व्हाइनलंड गाव आहे. चार्ल्स लँडिस ह्यांनी 1861 साली वसवलेलं, रेताड जमीन, नंतर इटलीहून आलेल्या शेतकरी कुटुंबांनी ती कसली. गावाकडे हिवाळा संपताना कडू पाला खायची त्यांची सवय, ती इथेही सुटली नाही, आणि बाकीचे ज्याला तण म्हणतात ते ह्या लोकांनी ओळीत पेरून, जुड्या बांधून मार्केटला पाठवलं. गाव स्वतःला जगाची डँडेलायन राजधानी म्हणवतं, वसंतात डँडेलायन डिनर करायची तिथली परंपरा आहे, त्यात सॅलडपासून वाइनपर्यंत सगळ्यात हेच. मला ह्या लोकांबद्दल फार आपुलकी वाटते, परमुलखात आपली भाजी टिकवणं किती कष्टाचं असतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट मात्र बघून घ्या, दुकानात इटालियन डँडेलायन म्हणून जी लांब पानांची जुडी मिळते ती बऱ्याचदा चिकोरी असते. चांगली लागते, पण ती वेगळी भाजी. खऱ्या डँडेलायनचा दांडा पोकळ, त्याला पान नाही, फांदी नाही, आणि एका दांड्यावर एकच फूल.

लावायला सोपं आहे. थंडी ओसरली की बी टाकायचं, पण खोल पुरायचं नाही, त्याला उजेड लागतो, वर नुसती चिमूटभर माती भुरभुरायची आणि ओल धरून ठेवायची. रोपं आली की वीतभर अंतर ठेवून बाकीची उपटायची, ती उपटलेली पण खायचीच. मुळी गाजरासारखी सरळ खाली जाते म्हणून कुंडी खोल हवी.

आणि काढायचं कधी, तर फूल यायच्या आधी. हे चुकलं की सगळं चुकलं. मधोमध खाली ही गोल कळी दिसतेय ना, ही दिसायच्या आत कोवळी पानं काढली तर कडूपणा मेथीइतका, फुलावर आल्यावर तोंडात धरवत नाही. आणखी एक युक्ती फ्रान्सच्या मळ्यांमधली, झाडावर कुंडी उपडी घालायची, उजेड बंद. ही मी दहा दिवसांपूर्वी झाकली होती, आता उचलते... बघा! पानं पिवळट पांढरी, लुसलुशीत, कडूपणा नावाला.

किचनमध्ये इटालियन पद्धत म्हणजे मिठाच्या पाण्यात उकळून, पिळून, ऑलिव्ह ऑइल आणि लसणीवर परतायची. आमच्याकडे मूगडाळ भिजवून, लसूण आणि सुकी मिरची फोडणीला, नाहीतर सरळ बेसन पेरून, आणि बेसन कडूपणा इतका छान सांभाळून घेतं की मुलं पण खातात. फुलांची भजी होतात, फक्त मागचा हिरवा भाग काढून टाका, तो कडू. 100 ग्रॅम कच्च्या पानांत साधारण 187 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पालकाच्या जवळजवळ दुप्पट. व्हिटॅमिन के पण भरपूर, म्हणून रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल किंवा पित्ताशयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, हे खरंच विचारा.

शेजारी काळजी करतात की म्हातारी उडून त्यांच्या लॉनमध्ये जाईल, आणि त्यांचं बरोबर आहे, ह्याचं बी परागीभवन न होताही तयार होतं. म्हणून फुलं मी रोज खुडते. मुळ्या ऑक्टोबरमध्ये खणायच्या, धुवून, चिरून, ओव्हनमध्ये कॉफीच्या रंगावर भाजायच्या आणि उकळून प्यायच्या.

कुंडीखालची ही पांढरी पानं मात्र चुलीपर्यंत जात नाहीत. आई आत भाकरी थापतेय.