साडी जड म्हणून भारी? काट्याचं ऐकू नका!

नमस्कार मंडळी! कमेंटमध्ये सारखा एकच प्रश्न येतोय: "ताई, २२ मॉमीची पैठणी कुठे मिळेल?" अहो, कुठेच नाही. पैठणी मॉमीवर विकतच नाहीत. त्या रेशमी अभ्र्यांच्या जाहिरातींनी हा शब्द घराघरात पोचवलाय.

पटकन सांगते. मॉमी हे रेशमी कापडाच्या वजनाचं जपानी माप. एक मॉमी म्हणजे चौरस मीटरला साधारण ४.३४ ग्रॅम. तुमच्या अभ्र्याचं २२ मॉमी सॅटिन म्हणजे चौरस मीटरला साधारण ९५ ग्रॅम. साध्या, बिनजरीच्या कापडाला हे माप चोख लागू पडतं. झालं.

आता साडी. आमच्या आत्याबाई दुकानात साडी दोन्ही तळहातांवर तोलतात आणि म्हणतात, "जड आहे, घे." आत्या, ते वजन जरीचं आहे! काठ मोठा, पदर भरलेला, की साडी जड होणारच. आणि जरीचा 'टेस्टेड' नावाचा प्रकार असेल तर तिच्यात तांब्याची तार असते. म्हणजे तुम्ही तांबं तोलताय, रेशीम नाही.

बरं, जर सोडा. पॉलिस्टरलाही वजन असतंच की. काटा ग्रॅम सांगतो, जात नाही सांगत.

उलटं बघा. रेशमी ऑर्गन्झा, फुंकर मारली तर उडेल इतकी हलकी, तरी अस्सल रेशीम. कच्च्या रेशमावर सेरिसिन नावाचा डिंक असतो, वजनाच्या जवळजवळ पाव हिस्सा. एरवी तो उकळून काढतात, ऑर्गन्झात ठेवतात, म्हणून ती कडक. एकोणिसाव्या शतकात युरोपात तर डिंक काढून घटलेलं वजन कथलाच्या क्षारांनी भरून काढायचे. ते कपडे पुढे घड्यांवर चिरले. भारी भरले होते हं काट्यावर!

"अंगठीतून गेली तर खरी" लिहिणाऱ्या दादांनो, बारीक पॉलिस्टरही जातं. पुढे.

मग बघायचं काय? पदर उलटा करा. हातमागावरच्या पारंपरिक पैठणीत प्रत्येक रंगाचा धागा नक्षीच्या कडेला शेजारच्या धाग्यात अडकून परत फिरतो. त्यामुळे मुनिया, म्हणजे पोपटाची नक्षी, मागूनही तशीच दिसते. मागे लोंबते धागे दिसले, बांगडी अडकली, की पदर तसा विणलेला नाही. मग हातमागाची किंमत देऊ नका.

आणि जाळून बघायची गंमत. दुकानदार पदराच्या दशांमधला धागा ओढतो, जाळतो, केस जळल्याचा वास येतो, राख बोटात चुरते, आपण खूश. पण दशा म्हणजे नुसता ताणा, उभा धागा! बाणा, म्हणजे आडवा धागा, पॉलिस्टरचा असू शकतो. एका दुकानात मी म्हटलं, "ब्लाउजपीसच्या कापलेल्या कडेचा आडवा धागा द्या." दुकानदाराला एकदम चहा आठवला. तो धागा वितळून कडक मणी झाला, तर पॉलिस्टर. कागदासारखा वास आला, तर सूत किंवा व्हिस्कोस. म्हणून दोन्ही धागे, वेगवेगळे. जरीचा मात्र नको.

जाळायला देत नसतील तर सिल्क मार्कचं लेबल मागा. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ पासून आहे. पण ते सांगतं फक्त रेशीम शुद्ध आहे. हातमाग आहे का, जर कसली, हे ते सांगत नाही. त्यासाठी हातमागाची खूण वेगळी बघा, आणि जर कसली ते बिलावर लिहून घ्या. लिहून देताना पेन थबकलं, तर साडी परत घडी करायला सांगा.