जन्माआधीचा चेहरा

(पडद्यावर: तातामीची चटई, एकच गोल उशी.)

टोकियोतला निप्पोरी भाग, साल १९०५. अशाच एका उशीवर १९ वर्षांची हारू हिरात्सुका येऊन बसली. दिवसा विद्यापीठात घर सांभाळायचं शास्त्र शिकायचं आणि इथे हे. झेन. आपलाच ‘ध्यान’ शब्द, चीनमार्गे जपानला पोचलेला.

गुरू शाकू सोकात्सू यांनी तिला कोडं घातलं: ‘तुझे आईवडील जन्मण्याआधीचा तुझा मूळ चेहरा कोणता?’ झेनच्या रिंझाई पंथात याला कोआन म्हणतात. शिष्याने घंटेवर टोला द्यायचा, आत जाऊन वाकायचं, उत्तर द्यायचं. उत्तर नुसतं डोक्यातून आलेलं दिसलं, की गुरू हातातली घंटी वाजवतात.

(घंटी.)

उठा. पुन्हा उशीवर.

१९०६ मध्ये गुरूंनी तिचं उत्तर मान्य केलं. त्या चेहऱ्याला ना कुंकू, ना मिशी. आमच्या मते तिचं पुढचं सगळं इथूनच निघालं.

(जपानी आल्प्स. बर्फात पांढरा पक्षी.)

नीट बघा, डोळा हलला तरच दिसतो. हा राइचो, गडगडाटाचा पक्षी. १९०८ साली एका लेखकाबरोबरच्या प्रकरणावरून वर्तमानपत्रांनी हारूला झोडपलं. ते पुष्कळांनी चघळलंय, आपण सोडून देऊ. त्यानंतर ती नागानोच्या डोंगरांत राहिली. ‘राइचो’ हे तिचं टोपणनाव तिथलंच.

(‘सेइतो’चा पहिला अंक, सप्टेंबर १९११.)

सेइतो, तिने काढलेलं बायकांचं मासिक. शब्दाचा अर्थ निळे मोजे, म्हणजे युरोपात लिहित्या-वाचत्या बायकांना चिडवायचं नाव. नाव युरोपातून उचललेलं, म्हणून विचारही तिकडचाच, असं लोक बेधडक ठोकून देतात. पण या अंकातला आपला लेख लिहायच्या आधी ती रात्री खिडक्या उघड्या टाकून ध्यानाला बसली होती. मन शांत झाल्यावर लेखणी उचलली ती पहाटेपर्यंत. ‘आरंभी स्त्री खरोखर सूर्य होती’, ही पहिली ओळ. आता ती चंद्र झालीये, दुसऱ्याच्या उजेडावर जगणारी. पुढे आणखी धीट विधान: स्त्री-पुरुष हा भेद ‘मी’च्या खालच्या थरांतला, मन पुरतं एकाग्र झालं की तो उरत नाही. हे निळ्या मोज्यांचं नव्हे, उशीवरचं बोलणं.

१९२२ साली जपानी बायकांना राजकीय सभांना जायची मुभा मिळाली. त्यासाठी झगडणाऱ्यांत राइचो होतीच. मताचा हक्क १९४५ मध्ये आला. तेव्हा ती ५९ वर्षांची होती.

(पक्षी धुक्यात चालत जातो. निवेदन नाही.)