शेजारच्या दोन तुकड्यांची माती

नमस्कार, श्रोतेहो.

“जंगलं, नद्या वाचवायचं काम करायचंय, त्यासाठी काय शिकू?” असं कुणी विचारलं की मी आधी १९०५ सालची एक गोष्ट सांगते.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात लुईसा नावाचा परगणा आहे. तिथलं पीक वर्षानुवर्षं घटत चाललं होतं. का घटतंय, हे पाहायला माती-सर्वेक्षण खात्यानं दोन तरुण पाठवले. त्यातला एक ह्यू हॅमंड बेनेट, वय चोवीस, रसायनशास्त्र शिकलेला. फिरता फिरता दोघं जमिनीच्या दोन तुकड्यांपाशी आले. तुकडे अगदी लागून, उतार सारखा, खालचा खडकही तोच. एकावर झाडी, दुसऱ्यावर वर्षानुवर्षं नांगरलेलं शेत. झाडीतल्या जमिनीत त्यांनी हात घातला. भुसभुशीत, ओलसर माती! कोरड्या दिवसांतही नुसत्या हातानं उकरता येत होती. शेजारच्या शेतात मात्र हाताला लागली ती चिकणमाती, वाळून दगडासारखी झालेली.

जरा थांबा, पुन्हा सांगते. उतार तोच, खडक तोच, फक्त वरची माती नाही! ती गेली कुठे? कुठेही मोठी घळ पडली नव्हती. दर पावसात कागदाएवढा पातळ थर वाहत गेला, आणि तो गेला हे कुणाच्या डोळ्यांना दिसलंच नाही. आपल्याकडे याला सालकाढी धूप म्हणतात. फळाची साल निघावी तशी जमिनीची साल निघते. इतका नेमका शब्द आपल्या भाषेत असताना पाठ्यपुस्तकांत जड जड संस्कृत शब्द का कोंबतात, मला खरंच कळत नाही. शेतकऱ्याच्या तोंडचे शब्द आधी शिकवावेत.

तर बेनेटनं ते दृश्य मनातून जाऊ दिलं नाही. तेवीस वर्षांनी, १९२८ साली, मातीची धूप हे साऱ्या देशावरचं संकट आहे, असं सांगणारी सरकारी पुस्तिका त्यानं एका सहकाऱ्यासोबत लिहिली. मग धुळीच्या वादळांनी आकाश काळवंडलं, आणि २७ एप्रिल १९३५ रोजी मृदसंधारणाचा कायदा झाला. नव्या खात्याचा पहिला प्रमुख बेनेटच. मातीत हात घातल्यापासून कायदा होईपर्यंत तीस वर्षं गेली. हो, तीस वर्षं!

आता शिकायचं काय? माती, पाणी, वनस्पती, नकाशे, उपग्रहचित्रं, आकडेमोड, कायदा. ही यादी कुठल्याही माहितीपत्रकात मिळेल. माझा आग्रह दोन गोष्टींचा.

पहिली, हात. माती ओली करून बोटांत दाबायची, तिची पट्टी काढायची. पट्टी लांब निघाली तर चिकण जास्त, खरखर लागली तर वाळू जास्त. हे संगणकावर येत नाही. टिपणं पेन्सिलीनं काढा. शाई पावसात पसरते. आणि अक्षर नीट काढा. दहा वर्षांनी तुमची वही दुसरं कुणीतरी उघडणार आहे, त्याला ती वाचता आली पाहिजे.

दुसरी, माणसं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते सामायिक जंगलं, कुरणं, पाणी लोक कसं सांभाळतात याच्या अभ्यासासाठी. वापरणारेच नियम ठरवतात, एकमेकांवर लक्षही ठेवतात, तिथे ही संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली त्यांना दिसली. म्हणून जमीन शिकणाऱ्यानं लोकांशी बोलायलाही शिकायचं. जमीन कुणाची, चराईचा हक्क कुणाचा, पाणी आधी कुणाला, हे विचारल्याशिवाय झाडं लावायला गेलात तर रोपं जगणार नाहीत.

प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयाला एकच विचारा : वर्षातले किती दिवस आम्ही शिवारात असू? पुन्हा सांगते, किती दिवस शिवारात? उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरं महाविद्यालय बघा.

नमस्कार.